कोलशेतचा गाळ

लेक ऋजुता ठाण्याच्या कोलशेतच्या घरात द्यायची नाही, हे भाऊंनी मनात पक्कं केलं होतं आणि पोहे अजून यायचे होते. सौमित्र मुलगा सोन्यासारखा. दोघांचं आधीच जमलेलं, आजची बैठक सौमित्रच्या घरी, नुसती डिसेंबरातली तारीख ठरवायला. पण भाऊंना धास्ती मुलाची नव्हती, त्याच्या घराखालच्या जमिनीची होती.

झालं असं, की डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी भूकंपावर भाषण ठोकलं. लाट खडकातून झपकन निघून जाते, मऊ गाळात शिरली की मंदावते, फुगते आणि खालच्या खोलगट खडकात अडकून मागेपुढे आपटत राहते, म्हणे. वरची जमीन मग ताटलीतल्या खरवसासारखी हलते. बाकीचे म्हातारे चहा पिऊन घरी गेले. भाऊंची मात्र भूक मेली. कोलशेत म्हणजे खाडी, खाडी म्हणजे गाळ, आणि पोटची पोर चौदाव्या मजल्यावर! सरोजनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, निघताना बजावलं होतं की भूकंपाचा विषय काढाल तर याद राखा.

पोहे आले. भाऊंनी पहिला घास घेतला आणि शोकेसमधले कप किणकिणले. सोफा थरथरला. "लिफ्ट नको, जिन्याने चला," एवढंच म्हणून त्यांनी ऋजुताचा हात धरला आणि बशीसकट जिना गाठला. वाटेत दारं उघडत गेली. विचारलं कुणीच नाही, भाऊंचा चेहरा बघूनच लोक मागे लागले. खाली पन्नासेक माणसं जमली, एक बाई तर कुकर घेऊन. वॉचमनने तंबाखू मळत सांगितलं, की शेजारच्या प्लॉटवर पायाचे खांब ठोकतायत, रोज चारला सुरू होतं.

"बाबा, हे लग्न मोडलं तर मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही," ऋजुता म्हणाली. आणि ती उगाच बोलणारी पोरगी नव्हती.

सौमित्रचे वडील शिवराम सावकाश खाली आले. बांधकाम खात्यात उभा जन्म गेलेला माणूस, रागावला नाही. आमचे खांब गाळ ओलांडून थेट खडकात रोवलेत, बिल्डिंग हलेल पण पडायची नाही, असं त्यांनी समजावलं. भाऊंना हायसं वाटलं.

"तुमची बिल्डिंग कशावर उभी आहे?" शिवरामनी सहज विचारलं.

"आमची? एकोणनव्वद सालची, भक्कम काम. पूर्वी तिथे मोठं तळं होतं, बिल्डरने भराव टाकून..." भाऊंनी हातातली बशी खाली ठेवली.

"खांब खडकापर्यंत?"

"पाया चार फूट. मी स्वतः मोजलेला."

भाऊंनी घाम पुसला. डिसेंबर फार लांब पडतो, ते म्हणाले, याच महिन्यात उरकून टाकू. शिवराम खूश झाले. मग भाऊ जरा जवळ सरकले. लग्नानंतर मुलीच्या सासरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या घराण्यातले ते.

"पाठवणीला," ते हळूच म्हणाले, "तिच्याबरोबर आम्ही दोघंही राहायला आलो तर चालेल का?"