घोषणेवर ठेवलेली किमची

"तुझी आई यायच्या आत नवा फ्रीज घरात उभा असेल. तू बघच," असं प्यो ग्योंगसिकने बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा मिरानने फक्त सुस्कारा टाकला. सतरा वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या छातीठोक सांगण्याचं पुढे काय होतं, हे तिला पाठ झालं होतं.

ग्योंगसिक कोरियातल्या आनयांग शहरात एका विमा कचेरीत कामाला होता. माणूस सज्जन. पण एक खोड होती. कुठलीही वस्तू आज घ्यायची नाही, पुढच्या घोषणेपर्यंत थांबायचं. आज घेतो तो मूर्ख, थांबतो तो शहाणा, हे त्याचं तत्त्वज्ञान. या शहाणपणापायी तो चार वर्षं तडा गेलेला फोन वापरत होता. दर नव्या फोनची घोषणा तो जागचा न हलता बघायचा आणि शेवटी म्हणायचा, "यात काही राम नाही. रंग बदललाय नुसता. पुढचा बघू." घर झाडणाऱ्या यंत्राचंही तेच, त्यामुळे घर मिरान हातानेच झाडत होती. दर वेळी निराशा पदरी पडायची आणि दर वेळी हा पठ्ठ्या नव्या आशेने पुढच्या तारखेला पडद्यासमोर हजर! लग्नाच्या वाढदिवसाची तारीख मात्र त्याला कधी आठवली नाही.

या वर्षी पाळी किमचीच्या फ्रीजची आली. साध्या फ्रीजमध्ये वर्षाची किमची, म्हणजे तिखट मसाला भरून आंबवलेला कोबी, ठेवली तर दुधालाही लसणाचा वास येतो, म्हणून घरोघरी तिच्यासाठी वेगळा फ्रीज असतो. यांचा चौदा वर्षांचा म्हातारा झाला होता. रात्रंदिवस ट्रॅक्टरसारखा घुरघुरायचा, पण किमची मात्र गार ठेवायचा.

आणि यंदाची किमची साधीसुधी नव्हती. दर नोव्हेंबरात मिरानची आई, नोह बोकसुनबाई, दूर दक्षिणेतल्या हेनामहून येऊन लेकीच्या घरी साठ गड्ड्यांची किमची घालून जायच्या. यंदा त्यांनी फोनवर सांगितलं, "गुडघे संपले बाळ. ही माझ्या हातची शेवटची." मिरान त्या दिवशी जेवली नाही. ही किमची जपून वापरायची, काही डबे दोन-तीन वर्षं मुरवायचे, म्हणजे आईची चव तेवढे दिवस घरात राहील, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

नेमकी त्याच सुमारास एका कंपनीची जाहिरात झळकू लागली. 'किमचीचं मन ओळखणारा फ्रीज. गुरुवारी घोषणा.' झालं! ग्योंगसिकच्या अंगात आलं. सासूबाई शनिवारी येणार होत्या आणि रविवारी किमची घालायची होती. गुरुवारी घोषणा, शुक्रवारी खरेदी, संध्याकाळी घरात, असा त्याने चोख हिशेब मांडला. जुनी यंत्रं महापालिकेची माणसं फुकट उचलून नेतात, पण दिवस आधी ठरवावा लागतो. मंगळवार मोकळा मिळाला. मंगळवारी दोन माणसं आली आणि घुरघुरणाऱ्या म्हाताऱ्याला पट्ट्यांनी बांधून खाली घेऊन गेली.

"नवा बघून मग जुना द्यायचा असतो," मिरान म्हणाली.

"तुम्हा बायकांना तंत्रज्ञान कळत नाही," ग्योंगसिक म्हणाला. हे वाक्य त्याला फार महागात पडणार होतं.

गुरुवारी घोषणा झाली. पांढरे बूट घातलेला एक माणूस रंगमंचावर पाऊण तास इकडून तिकडे फिरला. धूर सोडला, गाणं झालं, एका आजीबाईंना व्यासपीठावर आणून रडवलं. मग पडदा सरकला आणि आतून उशाशी ठेवायच्या कपाटाएवढी एक पेटी बाहेर आली. एकट्या राहणाऱ्या तरुणांसाठी. मावणार फक्त दोन गड्डे! पण ती बोलायची. किमची आज खुशीत आहे की उदास, ते फोनवर कळवायची. आणि दुकानात येणार एप्रिलमध्ये.

ग्योंगसिक पडद्याकडे बघत बसला. नेहमीसारखं "यात काही राम नाही" म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोच त्याची नजर जुन्या फ्रीजच्या रिकाम्या जागेकडे गेली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात खाऊन तो आजवर अनेकदा उपाशी उठला होता, पण या वेळी पंगतीला सासूबाई होत्या.

शुक्रवारी त्याने अर्धी रजा टाकून सहा दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर. किमचीच्या हंगामात फ्रीज मागायला आलात होय? तीन आठवडे थांबा. थांबण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला तीन आठवडे थांबायला सांगतात, याला म्हणतात नशीब!

संध्याकाळी घामाघूम होऊन परतताना इमारतीखाली, रद्दी वेगळी करून ठेवायच्या जागी, त्याला एक खोका दिसला. माणसापेक्षा उंच, नवाकोरा, वर किमची-फ्रीजचं चित्र. कुणीतरी नवा फ्रीज घेऊन खोका टाकला होता. ग्योंगसिकने इकडे तिकडे पाहिलं. रखवालदार वर्तमानपत्र वाचत होता. पाच मिनिटांत खोका लिफ्टमधून बाराव्या मजल्यावर आणि तिथून मागच्या बाल्कनीत. उघडी बाजू त्याने चिकटपट्टीने बंद केली.

त्याची योजना अशी, की फ्रीज आलाय, पण कंपनीचा माणूस मंगळवारी येऊन उघडणार, त्याआधी हात लावला तर हमी बाद. सासूबाईंची परतीची बस मंगळवारी सकाळी. त्या एकदा बसमध्ये बसल्या की डबे कुणाकुणाकडे ठेवता येतील.

"मी यात नाही," मिरान म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. आईची किमची जास्त आंबून वाया गेली तर मी तुमच्याशी बोलणार नाही. आणि हे मी रागाच्या भरात सांगत नाहीये."

ती खरंच शांत होती. त्यामुळेच ग्योंगसिकला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी सासूबाई आल्या. पाठीला बाक, केसांची घट्ट कुरळी ठेवण, डोळे मात्र घारीचे. खारवलेला कोबी आदल्या दिवशीच कुरिअरने येऊन पडला होता. आल्या आल्या त्यांनी बाल्कनी झाडायला घेतली. ग्योंगसिक "आई, राहू द्या, राहू द्या" करत धावला, तोवर त्या खोक्यापाशी पोचल्या होत्या. खोक्याखालची धूळ दिसेना म्हणून त्यांनी केरसुणी उजव्या हातात धरली आणि डाव्या हाताने खोका उचलून बाजूला ठेवला.

ग्योंगसिकने दाराची चौकट धरली.

सासूबाई खोक्याकडे बघत राहिल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "जावईबापू, केवढा हलका हो हा?"

"न... नवीन तंत्रज्ञान आहे, आई," ग्योंगसिकच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अगंबाई! जुना चार गड्यांना हलत नव्हता." त्यांचा चेहरा खुलला. त्यांचा विश्वास बसला होता! आरडाओरडा झाला असता तर एका तासात विषय संपला असता. पण सासूबाई तशाच आत गेल्या आणि त्यांनी हेनामला बहिणीला फोन लावला. माझ्या जावयाने असा फ्रीज आणलाय, मी एका हाताने उचलला. हो, ह्या गुडघ्यांनी! मग वहिनीला फोन, मग गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना. रात्रीपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की नोहबाईंच्या जावयाने घरात चमत्कार आणलाय. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, पण हा ग्रह त्या रात्री पांघरुणात शिरून देवाचा धावा करत होता.

रविवारी किमची घातली. बैठकीत प्लॅस्टिक अंथरून सासूबाई मध्ये बसल्या आणि पानापानात मसाला भरत गेल्या. लाल तिखट, लसूण, मुळ्याचा कीस, खारवलेला जवळा. मिरान शेजारी बसून आईचे हात बघत होती. मध्येच सासूबाईंनी एक पान गुंडाळून ग्योंगसिकच्या तोंडात घातलं. "खा. पुढच्या वर्षी कोण भरवणार तुम्हाला?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळे, असं तो म्हणाला. उकडलेल्या डुकराच्या मटणाबरोबर सगळे जेवले, पण त्याचं सगळं लक्ष खोक्याकडे. चौदा डबे भरून बाल्कनीत रांगेने उभे राहिले आणि त्यांच्या शेवटी पहारेकऱ्यासारखा तो खोका.

आणि नोव्हेंबरात कधी पडत नाही असं ऊन नेमकं सोमवारी पडलं. ग्योंगसिक कचेरीला दांडी मारून दर अर्ध्या तासाने बाल्कनीत जाऊन तापमान बघत होता. सतरा, अठरा, एकोणीस. दुपारी पहिल्या डब्याचं झाकण फुगलं. त्याने ते हळूच उचललं, तर आतून पुळुक असा आवाज आला, जणू किमचीच चहाडी करतेय. त्याने घर उबदार ठेवायला खालून तापवली जाणारी जमीन बंद केली, सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखा आणून डब्यांवर सोडला.

"डब्यांना वारा कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मोकळी हवा चांगली, आई."

"जावईबापू, त्या माणसाला आजच बोलवा ना. किमची फ्रीजमध्ये गेलेली डोळ्यांनी बघते आणि मग जाते. शेवटचीच आहे." असं म्हणून त्या खोक्यासमोर स्टूल टाकून बसल्या. ग्योंगसिक बंद फोन कानाला लावून कंपनीच्या माणसाशी बोलल्याचं सोंग करत घाम पुसत होता. उद्या सकाळपर्यंत कसंही करून तगायचं होतं. सोळा तास.

एवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात नवव्या मजल्यावरच्या बांगबाई.

"माफ करा हं," बांगबाई म्हणाल्या. "आमचा नवीन किमची-फ्रीज थंडच होत नाही बघा. कंपनी म्हणते मूळ खोक्यात घालून परत द्या. आणि रखवालदार म्हणतात, खोका तुम्ही वर नेला."

ग्योंगसिकला वाटलं, आपण आत्ता इथेच मरावं. मेलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. पण मरण मागून येत नाही. बाल्कनीतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग चिकटपट्टी सोलल्याचा. तो मागे वळला तेव्हा सासूबाई उघड्या खोक्यात डोकावून बघत होत्या.

बांगबाई शहाण्या. त्या "मग येते" म्हणून लिफ्टकडे पळाल्या. मिरान स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पण मदतीला आली नाही. ग्योंगसिक गुडघे टेकून बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे फ्रीज नाही," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई."

"आणि जुना?"

"दिला."

"कशाच्या जोरावर दिलात?"

"घोषणा होणार होती, आई. नव्याची."

सासूबाईंनी फुगलेल्या डब्यांकडे पाहिलं. "साठ वर्षं किमची घालतेय मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मडक्यात ठेवली, मातीत पुरली, फ्रीजमध्ये ठेवली. घोषणेवर कुणी ठेवलेली नव्हती पाहिली."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूबाईंनी फोन काढला आणि गावच्या एका ट्रकवाल्याला लावला. तो राजधानी सोलच्या घाऊक बाजारात कोबी टाकून रिकामा परत निघाला होता. त्यांनी त्याला वाट वाकडी करून यायला सांगितलं. "परसात खड्डे करते," त्या मिरानला म्हणाल्या. "मोठी मडकी अजून आहेत माझी. जमीन थंडगार आहे, तिला विजेची गरज नाही."

"आई, तुझे गुडघे," मिरान रडवेली होऊन म्हणाली.

"खड्डे मी कशाला खणू? जावई येतोय की संगती."

तासाभरात चौदा डबे ट्रकात गेले आणि डब्यांच्या मधल्या जागेत ग्योंगसिक. हेनामला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने परसात चार खड्डे खणले. एका हाताने उचलायचा फ्रीज आणणारा जावई बघायला अर्धं गाव कुंपणाशी आलं होतं. सासूबाईंनी प्रत्येकीला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चौथ्या सांगण्याला त्या स्वतःच हसू लागल्या. ग्योंगसिक खड्ड्यात होता, त्यामुळे त्याला तोंड लपवावं लागलं नाही.

पण एवढी किमची एकदम आनयांगला आणून ठेवणार कुठे? साध्या फ्रीजमध्ये एकच डबा मावायचा. म्हणून ठरलं, की दर शनिवारी त्याने जायचं आणि एक डबा आणायचा. जाताना पाच तास, येताना पाच तास. पहिल्या शनिवारी तो भीत भीतच बसमधून उतरला. थांब्यावर सासूबाई उभ्या होत्या, डोक्याला मफलर, आणि म्हणाल्या, बसला उशीर झाला, कोंबडी शिजून गार झाली. दुसऱ्या शनिवारीही त्या थांब्यावर. तिसऱ्याला बरोबर शेजारीण. चौथ्याला त्या मिरानला फोनवर म्हणाल्या की गुडघे जरा बरे वाटताहेत, एवढं थांब्यापर्यंत चालणं होतं ना, त्याने असेल. पुढच्या वर्षी चाळीस गड्डे तरी घालावेत म्हणते.

डिसेंबरच्या अखेरीला मिरान दुकानावरून आली. "अहो, फ्रीज आलेत. साधा आहे, बोलत-बिलत नाही. उरलेल्या सगळ्या डब्यांना पुरेल. उद्याच आणून देतो म्हणाला."

ग्योंगसिकने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. पुढच्या घोषणेचं नावही त्याने काढलं नाही. त्याने कॅलेंडरकडे पाहिलं, दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

"घ्यायला काही हरकत नाही गं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पण आता मी येणार नाही, हे आईंना सांगायचं कुणी?"