बापाची वही, थोरल्याचा निबंध

किल्लीवाल्यानं वही कुलपात ठेवली, ही त्याची पहिली चूक. उघडी टाकली असती तर घरात कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण त्यानं ती पत्र्याच्या पेटीत घातली, पेटीला दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप लावलं आणि 'पोरं मोठी होतील, बाप होतील, तेव्हाच हे वाचतील' म्हणून निर्धास्त झाला. त्याच दोन पोरांना सुट्टीत दुकानात बसवून तारेनं कुलूप कसं उघडायचं हे त्यानंच शिकवलं होतं, तेवढं मात्र तो विसरला.

वहीत होतं तरी काय? रडगाणं, दुसरं काय असणार! दिवसभर लोकांची अडकलेली दारं उघडून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरात कुणी विचारत नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो लिहायला बसे. 'मुलांनो, संसार म्हणजे काय ते ऐका,' अशी झोकात सुरुवात करी आणि चौथ्या ओळीला स्वतःच्या दुःखावर येई. अशी चाळीस पानं झाली होती. तोंडानं मात्र चकार शब्द नाही.

बुधवारी थोरल्याच्या बाईंचा निरोप आला. आईवडील दोघांनीही शाळेत भेटा.

चौथीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर नवरा-बायको गुडघे हनुवटीला लावून बसले. थोरला भिंतीला चिकटून उभा होता. बाईंनी निबंधाची वही उघडली.

"विषय होता, माझे घर. बाकीच्यांनी दारं-खिडक्या मोजल्या. तुमच्या मुलानं काय लिहिलंय ऐका." बाई वाचू लागल्या. "'दिवसभर शाळेत मान मोडून मी घरी येतो, तर कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.'"

किल्लीवाल्यानं ओळ लगेच ओळखली. कारट्यानं 'दुकानात' खोडून 'शाळेत' केलं होतं. बाकी शब्दन् शब्द बापाचा.

"'मी बोलायला लागलो की सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात. मला सगळ्यांच्या शेवटी गार जेवण मिळतं. गेली दहा वर्षं मी निवांत झोपलेलो नाही.' तो नऊ वर्षांचा आहे. गणित कच्चं आहे त्याचं, पण भावना पोचली. आणि हे बघा, 'काळजीनं माझे केस गळाले.'"

तिघांनी थोरल्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिथं नुसतं रान माजलं होतं.

"सुरुवात असेल," बाई म्हणाल्या.

सांगून टाकावं असं किल्लीवाल्याला शंभरदा वाटलं. पण शेजारी बायको बसलेली. वही माझी म्हणावं, तर त्या गार जेवणाचा जाब तिथंच द्यावा लागणार. गप्प बसावं, तर पोटच्या पोराचे हाल करणारा राक्षस ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्यानं थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं नुसत्या डोळ्यांनी हात जोडले, कारण नक्कल पकडली गेली असती तर त्याचीही धडगत नव्हती.

"चुकलं आमचं," बाप पुटपुटला.

"तरी मी यांना सांगत होते, पोराकडे लक्ष द्या!" बायको कडाडली.

बाईंनी उपाय कागदावर लिहून दिले. पहिलं गरम ताट पोराला वाढायचं. तो बोलेल तेव्हा टीव्ही बंद. संध्याकाळी अर्धा तास त्याला खोलीत एकटं सोडायचं, कुणी दार वाजवायचं नाही. आणि रोज जवळ बसून विचारायचं, आज दिवस कसा गेला?

किल्लीवाल्यानं कागद दोनदा वाचला. जन्मात त्यानं एवढंच मागितलं होतं, आणि ते मंजूर झालं होतं भलत्याच्याच नावावर.

झालं, घरात थोरल्याचं राज्य सुरू झालं. धाकट्यानं एक दिवस ते नीट पाहून घेतलं आणि जाहीर केलं, "मलाही दुःख आहे."

"कसलं रे?" आईनं विचारलं.

"ते अजून ठरलं नाही. पण आधी वाढ."

बापाचं जेवण आणखी गार झालं. एकुलती खोली अर्धा तास थोरल्याकडे गेल्यामुळे दमूनभागून आलेला किल्लीवाला जिन्यात बसू लागला. चौथ्या दिवशी त्यानं थोरल्याला तिथंच गाठलं.

"माझ्याच वहीवर डल्ला मारलास? दुसरं काही सुचलं नाही तुला?"

"पंधरा ओळी हव्या होत्या, बाबा. मला तीनच सुचल्या. दार, खिडकी आणि आई."

"आणि मी?"

"तुम्ही दुकानात असता ना!"

हे मात्र किल्लीवाल्याला फार लागलं. तेवढ्यात वरच्या पायरीवरून बायकोचा आवाज आला. "झालं का बापलेकांचं?"

"तुला... कळलं?"

"अहो, चौथीतल्या पोराचे केस गळतात होय? वर्गातच कळलं मला."

"मग तिथं मलाच का झापलंस?"

"मग काय, बाईंना तुमचं टक्कल दाखवू? चार दिवस वाट बघतेय, आज सांगतील, उद्या सांगतील. पेटीला सांगता, मला नाही!" बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. तिलाही लागलं होतं.

तिनं त्याला हाताला धरून आत नेलं. पहिलं गरम ताट त्याच्यापुढे ठेवलं, टीव्ही बंद केला, दोन्ही पोरांना समोर बसवलं. "बोला. आज दिवस कसा गेला?"

तिघं टक लावून बघत राहिले. किल्लीवाल्यानं घसा खाकरला. छताकडे पाहिलं. चाळीस पानं भरणाऱ्या माणसाला एक वाक्य सापडेना.

"ठीक," तो म्हणाला.

"बस? एवढंच?" धाकट्याचा हिरमोड झाला.

"त्यांना तोंडानं नाही जमत," थोरला म्हणाला. "थांब, मला पाठ आहे."

आणि हात मागं बांधून, खणखणीत आवाजात, त्यानं निबंधात उतरवलेलं बापाचं दुःख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. संपलं तेव्हा बायको डोळे पुसत होती.

"खरंच इतकं वाईट आहे हो आपलं घर?" तिनं विचारलं.

किल्लीवाल्यानं घाईघाईनं घास तोंडात घातला. जीभ पोळली.

"छे गं," तो म्हणाला. "पोरगं जरा वाढवून सांगतंय."