पुढच्या डाव्या चाकाची हवा

सोमवारी दुपारी तानाजी सकपाळांनी सोसायटीचा अर्ज महापालिकेच्या टपालात दिला, आणि मंगळवारी सकाळी त्यांच्या गाडीचं पुढचं डावं चाक हवा जाऊन जमिनीला टेकलेलं होतं.

सकपाळ हातात डबा घेऊन त्या चाकाकडे बघत उभे राहिले. गाडी घेऊन जेमतेम महिना झाला होता. मेव्हण्याने नऊ वर्षं वापरून कंटाळल्यावर दिलेली असली, तरी १९८९ साली डोंबिवलीतल्या त्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत ती एकुलती एक गाडी होती. पण सकपाळांच्या डोक्यात त्या क्षणी गाडी नव्हती. अर्ज होता.

अर्ज शेजारच्या काळुरामच्या गोठ्याबद्दलचा होता. काळुराम गावचा मूळचा माणूस. इमारतीखालची जमीनही एकेकाळी त्याच्या वडिलांचीच. उरलेल्या तुकड्यावर त्याचं घर, एक ट्रॅक्टर आणि नऊ म्हशी. गोठ्यातलं पाणी वाहत वाहत सोसायटीच्या गेटात यायचं आणि तिथेच मुक्काम करायचं. अर्जावर बारा सह्या होत्या, पण सेक्रेटरी म्हणून पहिली सही सकपाळांची. काळुराम सहा फूट उंच. त्याने गोठ्यातून म्हशीला हाक मारली की दुसऱ्या मजल्यावर पाळण्यातलं मूल रडायला लागे.

आणि सकपाळ? आईवडिलांनी त्यांचं नाव तानाजी कुठल्या आशेने ठेवलं, ते आता विचारायची सोय उरली नव्हती. सकपाळ पालीला घाबरत, ऑफिसातल्या शिपायाला घाबरत, आणि दारावरची बेल वाजली की आधी बायकोकडे बघत.

"पंक्चर असेल. एवढं काय त्यात?" बायको, मालन, वरून म्हणाली.

पंक्चरवाल्याने टायर उघडला, ट्यूब फुगवली, तिचं तोंड हातात धरून बाकीची सगळी पाण्याच्या टबात फिरवली. एकही बुडबुडा आला नाही. "साहेब, पंक्चर नाय. कोणीतरी हवा सोडलीय," तो म्हणाला. "कोणाशी लफडा झालाय काय?"

बुधवारी सकाळी चाक पुन्हा बसलेलं. गुरुवारी पुन्हा. बाकीची तीन चाकं टणक, फक्त तेच एक. पायाचा पंप मारून मारून सकपाळांच्या पोटरीत गोळे आले. तिसऱ्या मजल्यावरचे धोंडिबा वाघचौरे जिन्यात उभं राहून हे बघत होते. वाघचौरे गिरणीतून रिटायर झाले होते आणि त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचा पुढचा टप्पा ठाऊक असे.

"ही पद्धत असते त्यांची," वाघचौरे हळूच म्हणाले. "आधी हवा. मग काच."

"आणि मग?"

"मग गाडी सोडून माणसाकडे येतात."

शुक्रवारी सकपाळ पहाटे साडेपाचला पडद्याआड जाऊन उभे राहिले. थोडं उजाडलं तशी गोठ्याकडून एक उंच आकृती आली. काळुराम! तो थेट गाडीपाशी आला, पुढच्या डाव्या चाकासमोर वाकला, त्याने चाकावर एक लाथ मारली, मान हलवली आणि मग सावकाश वर सकपाळांच्या खिडकीकडे पाहिलं. सकपाळ पडद्यासकट खाली बसले. पडद्याची दांडी त्यांच्या डोक्यावर आली.

"काय झालं?" मालन धावत आली.

"तोच आहे. मी डोळ्यांनी बघितलं."

"हवा सोडताना बघितलंत?"

"सोडून झाल्यावरचं बघितलं!"

त्याच दिवशी ऑफिसला निघताना गेटात काळुरामने त्यांना गाठलं. सकपाळांच्या बगलेतली छत्री गळून पडली. काळुरामने ती उचलून दिली आणि म्हणाला, "सकपाळ साहेब, रोज सकाली गारी बसलेली दिसतंय तुमची. अशी गारी चालवू नका. जिवाशी खेल हाय."

"नाही... नाही चालवत."

"एकलेच जाता ना कल्यानच्या बाजूला? रस्ता वंगाल हाय तो. घरान बायकापोरां हायेत तुमच्या. जपून."

काळुराम निघून गेला. सकपाळ त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाहीत. घरी येऊन त्यांनी आतून दोन्ही कड्या लावल्या आणि काळुरामचं बोलणं शब्दाला शब्द वाघचौऱ्यांना ऐकवलं. वाघचौऱ्यांचाच चेहरा उतरला, कारण अर्जावर दुसरी सही त्यांची होती. "घरात बायकापोरं आहेत म्हणाला? सरळ धमकी आहे ही."

"काळजीने म्हणाला असेल हो," मालन म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी वाघचौऱ्यांच्या घरात मीटिंग झाली. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून दारंखिडक्या लावलेल्या. घामाघूम होऊन बारा जणांनी एकमताने ठरवलं, की अर्ज मागे घ्यायचा, आणि काळुरामला घरी जाऊन शाल आणि नारळ द्यायचा. "जुन्या ग्रामस्थांचा सत्कार म्हणायचं," वाघचौरे म्हणाले. "सगळेच जाऊ. बोलतील मात्र सेक्रेटरी."

रविवारी सकाळी बारा जण खाली उतरले. गेटापर्यंत आठ उरले, कारण चौघांना अचानक गॅस चालू राहिल्याची आठवण झाली. आठ जण गेटात घोळका करून काळुरामच्या घराकडे बघत उभे राहिले. पुढे व्हा, तुम्ही व्हा, असं करता करता सहा उरले, मग तीन. शेवटी वाघचौऱ्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. सकपाळांनी मागे वळून पाहिलं तर गेट रिकामं. शाल-नारळाची पिशवी तेवढी त्यांच्या हातात उरली होती.

"चला, मी येते," मालन खाली येऊन म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

काळुरामच्या ओटीवर त्याची बायको गोदा उभी होती. तिने दोघांना आत घेतलं, पाणी दिलं. काळुराम खुर्चीत बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. सकपाळांनी पिशवीत हात घातला मात्र, काळुराम उभा राहिला.

"कागद नका काढू साहेब," तो म्हणाला. "मी मान्य करतंय."

सकपाळांचा हात पिशवीतच राहिला. "काय मान्य करता?"

"भिंत. गोठ्याची भिंत दोन फूट तुमच्या जागेन आलीय. गटाराची जागा गेली तिच्यापायी, म्हनून पानी तुमच्या गेटान येतं. तीन वर्सां झाली, मना झोप नाय. आज आठ जन गेटान उबं राहिलेलं बघितलं, तवाच कललं."

"मी यांना सांगत व्हती, पारून टाका म्हनून," गोदा म्हणाली. "रोज सकाली साहेब कंपाउंडच्या कडेनं पावलां मोजतान. एक, दोन, तीन... तोंडान आकडं चालू. हे खिडकीतशी बघतान आन् म्हनतान, आज साहेबानं परत मोजली. मंग हे रोज सकाली तुमच्या गारीशी घुटमलतान, कुटं भेटलात तर गोड बोलावं म्हनून."

सकपाळांनी मालनकडे पाहिलं. मालनने साडीचा पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"पण मग... हवा?" सकपाळांच्या तोंडून निघालं.

"कसली हवा?"

सकपाळांनी सगळं सांगून टाकलं. अर्ज, चाक, पडदा, सगळं. काळुराम ऐकत गेला तसतसा त्याचा घाम वाळत गेला. तो उठला, चालत गाडीपाशी गेला आणि पुढच्या डाव्या चाकापुढे गुडघे टेकून बसला. त्याने हवा भरायच्या तोंडावरचं टोपण काढलं, बोटाला थुंकी लावली आणि त्या तोंडावर फासली. थुंकीचा एक बुडबुडा फुगला, फुटला. लगेच दुसरा फुगला.

"ह्या तोंडातल्या वॉलची पिन गेलीय साहेब," काळुराम म्हणाला. "हितूनच जातंय रातभर. पंक्चरवाला ट्यूबचं तोंड हातान धरतं ना, त्याला कसं दिसंल? ट्रॅक्टरचं असंच झालेलं माझ्या." घरून पिन आणून त्याने जुनी फिरवून काढली, नवी बसवली आणि स्वतःच पंप मारला. पुन्हा थुंकी लावली. या वेळी बुडबुडा आला नाही.

सकपाळ शेजारी उभे होते. त्यांना वाटलं, आता आपणही खरं सांगायला हवं. "काळुरामशेठ, मी पावलं मोजतो ती डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. साखर आहे मला. रोज हजार पावलं चालायची असतात. भिंतीचं मला काहीच ठाऊक नव्हतं."

काळुराम चाकाला टेकून त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो इतक्या जोरात हसला की गोठ्यातल्या म्हशी ओरडल्या. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि जरा आशेने विचारलं, "मंग भिंत ऱ्हाऊ दे ना?"

सकपाळांनी तोंड उघडलं. राहू दे, असंच ते म्हणणार होते. आयुष्यभर ते तेच म्हणत आले होते. पण भलतेच शब्द बाहेर आले. "नाही. भिंत पाडाच."

स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले. काळुरामने मान खाली घातली. "पारतंय साहेब," तो म्हणाला.

वर अकरा खिडक्यांमधून अकरा पडदे बाजूला झाले होते. तिथून ऐकू काहीच येत नव्हतं, पण दिसत स्वच्छ होतं: चाकापुढे गुडघे टेकून मान खाली घातलेला काळुराम, आणि त्याच्यासमोर ताठ उभे सकपाळ. बुधवारी भिंत पडली. तेव्हापासून सकपाळ जिन्यात दिसले की वाघचौरे कठड्याला चिकटून त्यांना वाट देऊ लागले. गुरुवारी त्यांनी धीर करून विचारलंच, "साहेब, नेमकं काय केलंत हो त्याचं?"

सकपाळ खरं सांगणार होते, इतक्यात मागून मालन शांतपणे म्हणाली, "ते विचारू नका."

वाघचौऱ्यांनी पुन्हा विचारलं नाही.