सायलेन्सरवरचं ताट

हर्षलने मोटरसायकलला सॅडलबॅगा बसवल्या आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन येईपर्यंत उजव्या बॅगेचं बूड सायलेन्सरला चिकटलं. आतला योगिनीचा रेनकोटही बॅगेला चिकटला. दोष बॅगेचा नव्हता. कंपनीचा सायलेन्सर सरळ आणि सोशिक होता. तो काढून हर्षलने दिवाळीत जो बाहेरचा बसवला होता, तो मागे वर वळलेला, नको तितका तापणारा आणि गल्लीतल्या कुत्र्यांची झोप मोडणारा होता. हर्षलचा त्याच्यावर जीव होता.

बायकोने निकाल दिला. "रविवारी पप्पांची एकसष्टी. डावीकडे पेढे, उजवीकडे आईची साडी. साडीला नुसती झळ लागली तरी सोमवारी जुना सायलेन्सर परत."

"आणि नाही लागली तर?"

"तर मी त्या आवाजाबद्दल जन्मात बोलणार नाही."

योगिनी जन्मात त्यावर बोलणार नाही, अशी पैज हरून चालणार नव्हतं. हर्षलने बॅगेचं बूड शिवून घेतलं आणि तो इंजिनिअर होता त्या अंबडच्या कारखान्यातल्या धनराज फिटरचा सल्ला घेतला. "सायलेन्सरवर स्टीलच्या पत्र्याचं छप्पर कर," धनराज म्हणाला. "मध्ये बोटभर हवा ठेव. चकचकीत बाजू खाली."

पण कारखान्यातले पत्र्याचे तुकडे आदल्याच दिवशी भंगारात गेले होते, आणि बाजारात अख्खा पत्रा घेतल्याशिवाय कोणी बोलेना. रविवारी सकाळी हर्षल माळ्यावर चढला. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भलंमोठं स्टीलचं ताट होतं. लग्नाला चार वर्षं झाली, त्यात कोणी जेवल्याचं त्याला आठवत नव्हतं. योगिनी आंघोळीला गेली आणि खाली पार्किंगमध्ये ग्राइंडर सुरू झाला. ताट कापलं, वाकवलं, सायलेन्सरवर छपरासारखं बसवलं. बाहेरची कड खाली उतरली, ती तर फारच देखणी दिसत होती.

शेवटचा बोल्ट आवळून त्याने फडकं फिरवलं, तेव्हा त्या देखण्या कडेवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसली. 'सौ. वत्सलाबाई देवराम गाजरे यांजकडून.'

लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घातलेलं असतं हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हातात ग्राइंडर असला की ते आठवत नाही. वत्सलाबाई म्हणजे सासूबाई. ते ताट तोडून त्यांच्याच दारात जायचं होतं. जिन्यात योगिनीच्या चपला वाजल्या. हर्षलने कुंडीतली माती कालवून अक्षरांवर थापली.

"हे काय?"

"मातीने उष्णता अडते," इंजिनिअर म्हणाला.

निफाडला चहासाठी थांबल्यावर त्याने बॅगेखाली हात घातला. बॅग गार होती. पैज जवळजवळ जिंकली होती. फक्त मातीला सासुरवाडीपर्यंत, विंचूरपर्यंत टिकायचं होतं.

माती टिकली. गाडी अंगणात लागली तेव्हाही टिकून होती. मग वत्सलाबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी लेक-जावयावरून तुकडा ओवाळून टाकला आणि तांब्यातलं पाणी रिवाजाप्रमाणे चाकावर ओतलं. त्यातलं निम्मं तापलेल्या मातीवर पडलं. छस्स आवाज झाला आणि सगळी माती खाली आली.

वत्सलाबाई वाकल्या. चौथी शिकलेल्या त्या एकेक अक्षर सावकाश वाचत गेल्या.

"हर्षल, हे माझं ताट आहे," योगिनी हळूच म्हणाली.

"मामी, मी नवीन आणून देतो," हर्षल घाईघाईने म्हणाला.

"तुम्ही गप बसा, जावईबापू." वत्सलाबाईंनी ओट्यावरच्या नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडं या. ट्रॅक्टरवर कोणाचं नाव हाय?"

"माझं," देवराम म्हणाले.

"बंगल्यावर?"

"आमच्या आईचं."

"अन् कुसाबाईच्या पोरानं पिकअपवर काय लिवलंय?"

कुसाबाई म्हणजे पलीकडच्या घरातली त्यांची थोरली जाऊ. देवरामांनी मान खाली घातली. "कुसाई."

"अडतीस वर्षं या घरात हाय मी. माझं नाव नुसतं भांड्यांवर. आज पहिल्यांदा गाडीवर लागलं." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. हर्षललाही भरून आलं, त्यात सुटकेचा वाटा मोठा होता.

योगिनीने बॅग उघडली. साडी कोरी करकरीत, घडीसुद्धा मोडली नव्हती. "जिंकलास," ती म्हणाली. "ताटाचं घरी बघू."

वत्सलाबाई नवी साडी नेसून आल्या आणि थेट मागच्या सीटवर बसल्या. "चला, गावातून एक चक्कर."

"आई, अगं त्या आवाजाने लोक घराबाहेर येतील," पैज विसरून योगिनी म्हणाली.

"मग? बाहेर आले तर वाचतील ना."

गाव दणाणलं. माणसं ओट्यावर आली, वाचू लागली, आणि वत्सलाबाई प्रत्येकाकडे बघून मान डोलावत पुढे निघाल्या. शेवटी गाडी कुसाबाईंच्या दाराशी आली. दार बंद होतं. थोरल्या माणसांच्या दारात असा आवाज शोभत नाही म्हणून हर्षलने किल्लीला हात घातला, तेवढ्यात त्याच्या खांद्यावर सासूबाईंचा हात पडला.

"बंद नका करू, जावईबापू. उजवी बाजू दाराकडं घ्या अन् रेस वाढवा. तिला जरा कमी ऐकू येतं."