हरणाबाई उपलब्ध असण्याच्या वेळा

औदार्य हा आत्म्याचा व्यायाम आहे आणि कोणताही व्यायाम सकाळच्या गार हवेत केलेला बरा. दुपारी केलेल्या दानानेही मन शुद्ध होते, पण घाम फार येतो. हे ध्यानात घेऊन धाराशिव जिल्ह्यातील वाशी येथील आमच्या नित्य औदार्य साधना मंडळाने दानाची वेळ सकाळी सात ते नऊ अशी ठेवली आहे. (रविवारी आठ ते नऊ. आत्म्यालाही आठवड्यातून एक दिवस झोप लागते.)

मंडळाचे तत्त्व साधे आहे. माणसाने रोज एक तरी वस्तू दुसऱ्याला द्यावी, हसून द्यावी आणि दिल्याचा फोटो नऊच्या आत ग्रुपवर टाकावा. फोटो पुराव्यासाठी नसतो. देव सर्व पाहतो, हे आम्हाला मान्य आहे. पण देव ग्रुपवर नाही.

प्रगती

आठ वर्षांत सभासद नवावरून दोनशे बारा झाले. अहंकार सरासरी चौसष्ट टक्क्यांनी वितळला (मोजणी ज्याची त्याने केली). नम्रतेचा पहिला क्रमांक सलग तिसऱ्या वर्षी आमचे अध्यक्ष, भुसार मालाचे व्यापारी महालिंगप्पा यांना मिळाला. त्यांनी तो नम्रपणे स्वतःच जाहीर केला. मागच्या रांगेला ऐकू गेला नाही म्हणून पुन्हा जाहीर केला. गुप्तदान विभागाचे कामही जोरात आहे. त्यातील सभासदांची नावे बसस्थानकासमोरच्या फलकावर पाहावीत.

अडचण

एकच. घेणारे कमी पडतात.

पूर्वी तीन होते. त्यांपैकी रेवणसिद्ध याला बार्शीला काम लागले आणि मंडळाला पूर्वसूचना न देता तो स्वतःच्या पायावर उभा राहिला. दुसरे, बसस्थानकावर बसणारे एक म्हातारे गृहस्थ, गेल्या पावसाळ्यात वारले. शेवटच्या सकाळीही त्यांनी एकोणीस जणांना निराश केले नाही. आता उरल्या हरणाबाई.

हरणाबाईंचे वय सत्तरच्या आसपास. नवरा नाही, शेळ्या चार. एकुलती मुलगी दैवशाला सास्तूरला दिलेली, ती सध्या ओली बाळंतीण. हरणाबाई रोज सात ते नऊ मंडळाच्या पायरीवर बसतात. सात हजार दोनशे सेकंदांना दोनशे बारा सभासदांनी भागले असता काय येते, हे गणिताचे शिक्षक भागवत सर यांनी काढून दिले: प्रत्येकी चौतीस सेकंद. त्यात वाकणे, देणे, हसणे आणि फोटो बसवावा लागतो. काही सभासद वाकणे गाळतात.

हरणाबाईंना गेल्या वर्षी मिळालेल्या वस्तूंपैकी निवडक:

केळी (मोजणे थांबवले आहे).
लग्नात आहेर म्हणून आलेले टॉवेल-टोपी, घडी न मोडलेले: १६३.
स्वेटर: ४१, पैकी मे महिन्यात ३८.
सरलेल्या सालाच्या डायऱ्या. हरणाबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे कोणतेही साल चालते.
व्यायामाची सायकल, एक. (परत नेली. सभासदाच्या चिरंजीवांचे वजन पुन्हा वाढले.)

एक गोष्ट खेदाने नमूद करावी लागते. मार्च महिन्यात हरणाबाईंनी त्यांना मिळालेली केळी रस्त्याच्या कामावरच्या बायकांना वाटल्याचे आढळले. फोटो नाही, हसणेही खात्रीलायक नाही. सभासद नसताना दान करणे हे शिस्तीत बसत नाही. त्यांना समज देण्यात आली.

मंडळाच्या नियमांतील कलम ४

(हे पान केळ्याला चिकटले. मूळ प्रत वाचता येत नाही.)

हरणाबाईंची चूक

गेल्या महिन्यात एका सकाळी, महालिंगप्पा केळे पुढे करून हसत असताना, हरणाबाईंनी मागितले. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडले. संभाषण शब्दशः असे:

"आप्पा, केळं ऱ्हाऊ द्या. मला माणूस पायजे. एका दिसाला."

"कसला माणूस, मावशी?"

"कसलाबी. पुढल्या म्हैन्यात बेस्तवारी धाराशिवला डोळ्याचं शिबिर हाय. माज्या उजव्या डोळ्याचं आपरेशन करत्यात. पर संगं माणूस असल्याबिगर आत घेत न्हाईत. एक रात थांबाय लागतंय. डाक्टर म्हणला, आजी, आता न्हाय केलं तर ह्यो डोळा बी जातोय."

"आन् डावा?"

"त्यो कवाच गेला. उजव्यानं निस्तं धुकं दिसतंय. परवा शेळी म्हणून कुणाचं तरी कुत्रं हाकलत घरी आणलं म्या. ते बी गप आलं. त्याला बी कुणी इचारत नसंल."

"शेळ्यांकडं कोण बघल?"

"शेजारची इठाबाई बघती म्हणली. तिचा नवरा हातरुणाला खिळलाय, न्हायतर तीच आली असती."

महालिंगप्पांनी केळे खिशात ठेवले. चौतीस सेकंद केव्हाच उलटले होते आणि मागे रांग खोळंबली होती.

तातडीच्या सभेचे इतिवृत्त

सर्व सभासद हळहळले. देण्याची तयारी प्रत्येकाची होती. पण भागवत सरांनी मूलभूत मुद्दा काढला: मागितल्यावर देणे म्हणजे पुरवठा, न मागता देणे म्हणजे दान. पुरवठ्याने रेशनचे दुकान चालते, आत्मा चालत नाही. हरणाबाईंनी माणूस मागितला नसता, तर मंडळाने तो आनंदाने दिला असता. आता जो कोणी जाईल, तो दाता न राहता केवळ सोबत गेलेला माणूस होईल. इतक्या वर्षांची साधना अशी एका एसटीच्या प्रवासात घालवणे कोणालाही पटले नाही.

मात्र मंडळ निर्दय नाही. न मागितलेल्या वस्तू देण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. आठवडाभरात हरणाबाईंना सतरा काळे चष्मे, सहा बॅटऱ्या, मोठ्या अक्षरांतले एक पंचांग आणि तासातासाला वेळ बोलून दाखवणारे एक घड्याळ मिळाले. (घड्याळ हिंदीत बोलते. शेळ्या दचकतात.)

महिला आघाडीच्या श्रीदेवी अक्का याहून पुढे गेल्या. घेणाऱ्यालाही देण्याचा आनंद मिळावा, या हेतूने त्यांनी हरणाबाईंकडून मरणोत्तर नेत्रदानाचा अर्ज भरून घेतला. (मोतीबिंदू असला तरी चालते, अशी आधी चौकशी केली होती.) अंगठा उठवताना हरणाबाईंनी विचारले,

"म्या मेल्यावर माज्या डोळ्यासंगं तरी माणूस जाईल का वो, अक्का?"

"मावशी, काळजीच करू नका. त्याला गाडी येती," असे श्रीदेवी अक्कांनी त्यांना समजावले.

तोडगा

यातून मार्ग काढायचा तर मागणीच नाहीशी व्हायला हवी होती. म्हणून मंडळाने मजकूर तयार केला: "मी, हरणाबाई, लिहून देते की मला सोबत माणूस नको." त्यांना तो वाचून दाखवण्यात आला.

"नगं कसं? पायजे की."

"मावशी, नको म्हणून लिहून दिल्याशिवाय देता येत न्हाय," भागवत सर म्हणाले. "तुमच्याच भल्यासाठी हाय."

"येडं केलं का काय मला!" असे म्हणून त्यांनी अंगठा उठवला.

आता रस्ता मोकळा झाला. कोणत्याही सभासदाला कोणत्याही क्षणी उत्स्फूर्त प्रेरणा होऊ शकत होती. मंडळाने नऊ दिवस वाट पाहिली. प्रेरणा झाली नाही. कारण विचारले असता बहुतेकांनी सांगितले, की हरणाबाईंनीच तर नको म्हणून लिहून दिले आहे. मग कोणाच्या इच्छेविरुद्ध कसे जायचे?

आज, बुधवार

शिबिर उद्या आहे. उद्याच मंडळाचा वर्धापनदिन आहे. दोन्ही एकाच दिवशी येतात, हे कोणाच्या तरी आज लक्षात आले. दोनशे बारा सभासद प्रत्येकी एक ब्लँकेट देणार आहेत. मांडव झाला आहे, फोटोवाला धाराशिवहून निघाला आहे. महालिंगप्पा स्वतः हरणाबाईंच्या घरी गेले. त्यांनी चहा घेतला नाही, कारण घेणे हे देणाऱ्याला शोभत नाही.

"मावशी, उद्या तुमी गेल्यावर आमी द्यायचं कुणाला?"

"शेळ्यांना द्या. त्या नगं म्हणत न्हाईत."

"चेष्टा नव्हं. दोनशे बारा ब्लँकेटं आल्यात."

"आप्पा, डोळा हाय त्यो. ब्लँकेट न्हाय, पुढल्या वर्साला घ्यायला."

महालिंगप्पांना या उत्तरात कृतज्ञता आढळली नाही. तरीही त्यांनी राग धरला नाही, याची नम्रतेच्या पुढील क्रमांकासाठी नोंद घ्यावी.

संध्याकाळी मंडळाने, मागणी वाटणार नाही अशा शब्दांत, ग्रुपवर एक निवेदन टाकले: "उद्या सकाळी पावणेसातच्या एसटीत एक जागा रिकामी आहे. तिच्या शेजारी हरणाबाई बसतील."

प्रतिसाद भरघोस आला.

जोडलेले हात: १८७.
"खूप छान उपक्रम": २०.
वाढदिवसाच्या शुभेच्छा (निवेदन न वाचता): ४.
ग्रुप सोडला: १. (रात्रीच्या जेवणाआधी परत आला.)

हरणाबाईंना हे सर्व वाचून दाखवले. जोडलेले हात किती, ते त्यांनी दोनदा विचारले. मग म्हणाल्या, "एवढ्यातला एक बी हात सोडवत न्हाय व्हय रं?" त्यांचा बेत ठरलेला आहे. त्या एकट्याच जाणार. "दारात बसती. दुसऱ्या कुणाच्या संगं आलेला कुणी बाबा दिसला, तर त्यालाच म्हणंन, घडीभर माजा बी हो."

असा कोणी सापडल्यास त्याला मंडळाचे उपरणे घालून फोटो काढावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला आहे. उपरणे हरणाबाईंच्या पिशवीत ठेवले आहे.

शिबिराचा अर्ज आम्ही त्यांना भरून दिला. तो येथे जोडत आहोत.

रुग्णाचे नाव: हरणाबाई
गाव: वाशी
डोळा: उजवा
दुसऱ्या डोळ्याची दृष्टी: नाही
सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव:
नाते:

वाचकांस निवेदन

हे सर्व आपण शेवटपर्यंत वाचलेत, यावरून आपले मन मोठे आहे हे उघड आहे. वाचताना आपल्याला आमचा राग आला असेल. महालिंगप्पांचे हसू आले असेल. आणि वरचा अर्ज पाहून, या बाईसोबत कुणीतरी जायला काय हरकत होती, असे आपल्या मनात नक्कीच आले असेल. मंडळ आपल्या मनाचा आदर करते. आपण "कुणीतरी" म्हणालात. "मी" म्हणाला नाहीत. उद्या आपल्यालाही काम आहे, आणि वाशी आपल्यापासून थोडी लांबच पडते. मंडळात प्रवेश घेण्यासाठी आम्ही दुसरी कोणतीही परीक्षा घेत नाही.

आपले अभिनंदन. ब्लँकेट येताना घेऊन यावे.