शिडी आणि जावई

शब्दांतला फरक सांगावा तर मीच! मी घरी बसून एका प्रकाशकासाठी कोश लिहितो. सहज घोळ होतो अशा इंग्रजी शब्दांच्या जोड्या माझ्याकडे येतात, दोन कार्डं एका रबरबँडमध्ये. मी अर्थ, फरक आणि उपयोग लिहायचा. संपादकांची ताकीद एकच, जोडीवर शंका काढायची नाही. सात वर्षांत मी एकही जोडी परत पाठवलेली नाही, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो.

त्या दिवशी लेक-जावई राहायला येणार होते. लेकीने आधीच फोन केला होता. "बाबा, त्याला वाटतं, तो तुम्हाला आवडत नाही. या वेळी दोन शब्द तरी चांगले बोला."

आता जावई मला मनापासून आवडतो. पण तो अबोल, आणि मला तोंडावर कौतुक करायचं म्हणजे घाम फुटतो. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त उकाड्याबद्दल बोलतोय.

पाहुणे येणार म्हणून बायकोने माझं टेबल आवरलं. कार्डं सांडली, तिने ती हाताला आली तशी दोन-दोन बांधून ठेवली. मला काय ठाऊक! मी जोडी उघडली तर ‘लॅडर’ आणि ‘सन-इन-लॉ’. शिडी आणि जावई! चक्रावलो, पण शंका काढेन तो मी कसला? तासभर डोकं खाजवून लिहिलं: शिडी आपण निवडून आणतो, जावई लेक आणते. शिडी चढण्याआधी हलवून बघता येते, जावयाच्या बाबतीत ते राहून जातं. साम्य असं की दोन्ही घरात कुठे ठेवायचं हा प्रश्न पडतो. ‘उपयोग’ मात्र सुचेना. ती जागा कोरी सोडून आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर जावई माझ्या टेबलाशी! माझं अक्षर लागत नाही म्हणून लेकीनेच त्याला कागद टाइप करायला बसवलं होतं. त्याने शेवटची ओळ टाइप केली, उठला आणि तडक दाराबाहेर गेला. लेकीने कागद वाचला आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं, कार्डंच तशी आली गं! तो मला आवडतो, फार आवडतो!" मी टॉवेलातच ओरडलो.

दारात जावई उभा, खांद्यावर शेजाऱ्यांची शिडी. त्याने सगळं ऐकलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

"माळ्यावरचा तुमचा जुना कोश काढायचाय, असं आई म्हणाल्या," तो म्हणाला.

तो वर चढला, मी शिडी घट्ट धरली. कोश खाली आला. मग मी तो टाइप केलेला कागद पाहिला. ‘उपयोग’च्या कोऱ्या जागेत त्याने लिहिलं होतं: सासऱ्यांचा कोश माळ्यावर असेल तर दोन्ही लागतात.

गडबडीत तो कागद गठ्ठ्यातून तसाच गेला. आठवड्याने संपादकांचं उत्तर आलं: फरक रद्द, उपयोग उत्तम, यापुढे उपयोग लिहिणाऱ्यालाच काम द्यावं.

आता फरकही जावईच लिहितो. मी रबरबँड काढून देतो.