चौथ्या नावाला हात खाली

"कमरेला काय बांधलंयस रे ढुंढ्या? जानवं घसरलं की काय?"

"पट्टा आहे, नाना. कराटेचा."

"पांढरा?"

"पहिला पांढराच असतो. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. पास झालो की पिवळा."

नानांचं घराणं सात पिढ्या रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगत आलेलं. मुलगा ढुंढिराज मात्र नाशिक रोडला सरकारी कचेरीत कारकून. निदान रविवारी तरी त्याने कुंडावर यावं, ताम्हण धरावं, एवढीच नानांची इच्छा. आणि पस्तिशी उलटलेल्या या गृहस्थाने नेमका रविवारच कराटेला वाहिला होता. साल त्र्याऐंशी. गल्लीगल्लीत लोक एकमेकांच्या नाकासमोर पाय नाचवत होते.

"ठीक," नाना म्हणाले. "पिवळा पट्टा आणलास तर रविवार तुझा. नाही आणलास तर रविवार कुंडाचा."

"कबूल," ढुंढिराज म्हणाला. आतून लतिकाने, त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

अडचण एकच होती. श्वास.

"लढताना श्वास कोंडायचा नाय, भाऊ," मल्हारीसर रोज सांगत. सर सायखेड्याचे, मुंबईला शिकून आलेले. "बुक्की मारली की पोटातून वरडायचं, किआय! श्वास भाईर, ताकद भाईर."

ढुंढिराजच्या घरात मात्र श्वास म्हणजे नाक धरून रोखायची वस्तू. पहिल्याच दिवशी त्याने उजव्या हाताने नाक धरलं आणि एकट्या डाव्या हाताने लढायला उभा राहिला. नाक सोडवलं, तर श्वास आतच राहिला. तोंड टोमॅटोसारखं लाल, डोळे बाहेर, आणि कोणी हात लावायच्या आत गडी जमिनीवर. 'किआय' काही फुटेना.

"मंग दुसरं काय बी वरडा," सर हताश होऊन म्हणाले. "जे पोटातून यील ते."

समोर घोटीच्या भातगिरणीवरचा सहादू उभा होता. ढुंढिराजने डोळे मिटले, आणि पोटातून आलं ते मुंजीपासून रोज येत होतं तेच.

"केशवाय नमः!" बुक्की बसली.

"नारायणाय नमः!" दुसरी.

"माधवाय नमः!" तिसरी. सहादू भिंतीला टेकला. सरांनी टाळी वाजवली.

"गोविंदाय नमः!" आणि ढुंढिराजचा हात झरकन खाली गेला. मोकळ्या हनुवटीवर सहादूने ठेवून दिली.

देवाची क्षमा मागून सांगायचं, तर चूक गोविंदाची नव्हती. संध्येच्या आचमनात पहिल्या तीन नावांना तळहातावरचं पाणी प्यायचं असतं आणि चौथ्याला हात खाली करून ताम्हणात सोडायचं असतं. पंचवीस वर्षांची सवय. हाताला काय ठाऊक, समोर ताम्हण आहे की सहादू?

"भाऊ, चौथा देव घेऊच नका," सरांनी तोड काढली. "तिनावर थांबा, परत पयल्यापासून."

परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. दोन मिनिटं लढायचं, तीन मार बसले की नापास. समोर पुन्हा सहादूच. पहिल्या रांगेत नाना आणि लतिका.

"केशवाय नमः! नारायणाय नमः! माधवाय नमः!"

एवढं होऊन ढुंढिराज थांबला. श्वास चौथ्या नावासाठी घशात येऊन बसला, तो ना आत जाईना, ना बाहेर. तेवढ्यात सहादूने एक दिली. पुन्हा तीन नावं, पुन्हा अडकला, पुन्हा एक. आता एकच मार उरला होता.

नाना खुर्चीच्या कडेला आले. "अगं, हा पाणी पितोय नुसता. सोडत नाहीये!"

"मामंजी, गप्प बसा. परीक्षा आहे."

"आचमन अर्धं टाकून कसली परीक्षा?"

ढुंढिराज तिसऱ्यांदा 'माधवाय'वर पोचला. चेहरा जांभळा. हात वर आणि पोट उघडं बघून सहादूने लाथ उचलली. तेवढ्यात नाना कडाडले, "गोविंदाय म्हण, गाढवा!"

"गोविंदाय नमः!" कोंडलेला सगळा श्वास हॉलभर घुमला. हात झरकन खाली आला आणि थेट सहादूच्या नडगीवर. सहादू पाय धरून मटकन बसला. घंटा झाली.

"ये कौनसा किआय है?" परीक्षकांनी विचारलं.

"नाशिकचा हाय, सर," मल्हारीसर म्हणाले.

परीक्षकांनी कागदावर 'श्वास: उत्तम' लिहिलं. ढुंढिराज पिवळा पट्टा बांधून धावत नानांकडे आला. "नाना, रविवार माझा!"

"तुझाच. मी शब्द फिरवत नाही."

तोवर मल्हारीसर नानांच्या पाया पडले होते. "नाना, माझ्या पोरान्ला येवढा श्वास शिकवा. दर रविवारी."

नाना खुलले. "शिकवीन. पण मी हॉलमध्ये यायचा नाही. वर्ग कुंडावर आणा."

पुढच्या रविवारी सकाळी सहाला रामकुंडाच्या पायऱ्यांवर सोळा पांढरे कराटेवाले ओळीने बसले. लंगडत आलेला सहादू सर्वांत पुढे. सोळा जणांसमोर फिरवायला ताम्हण धरून कोण उभा, तर वर्गातला एकुलता एक अनुभवी माणूस. पिवळा पट्टा आवळून.

"हं, ढुंढिराज," नानांनी आज पहिल्यांदाच पूर्ण नावाने हाक मारली. "दाखव त्यांना. चौथं नाव."

"गोविंदाय नमः," ढुंढिराज पुटपुटला, आणि त्याने रविवारावर पाणी सोडलं.